जुन्या इनोव्हाचा एबीएस दिवा आणि घाटात मऊ पडलेलं पेडल: कुठून तपासायला सुरुवात करायची

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. २०१० ची डिझेल इनोव्हा, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी व्यवस्था) असलेली, दोन लाख साठ हजार किमी झालेली. सिग्नलला गाडी थांबत आली, वेग दहाच्या आसपास उतरला की पेडल पायाखाली थरथरतं, बॉनेटखालून घर्र आवाज येतो आणि गाडी हातभर पुढे सरकते. रस्ता कोरडा, ब्रेकही हलकाच दाबलेला. एबीएसचा दिवा कधी लागतो, कधी आठवडाभर दिसत नाही. गेल्या महिन्यात कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटात पेडल मऊ पडलं, जवळजवळ तळाला गेलं. साखरप्याला थांबून चहा होईपर्यंत परत पहिल्यासारखं. एक गॅरेज म्हणतं एबीएसचं अख्खं मॉड्युलेटर (चाकांकडे जाणारा ब्रेकचा दाब सोडणारा-धरणारा, पंप आणि व्हॉल्व्हचा डबा) बदला. दुसरं म्हणतं फ्यूज काढून टाका, कटकट मिटेल.

दोन्ही करू नका. तुमच्या गाडीला दोन वेगवेगळे आजार दिसताहेत आणि दिव्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्यातल्या कमी धोक्याच्या आजाराकडे गेलंय. सिग्नलला होणारी थरथर ही एबीएसची. घाटात पेडल गेलं ते साध्या ब्रेकचं दुखणं, आणि त्याला डॅशबोर्डवर दिवाच नसतो. मी चिपळूणला बावीस वर्षं मुख्यतः ब्रेकचीच कामं करतोय. कुंभार्ली घाट उतरून थेट आमच्या दारात आलेल्या, चाकांतून धूर निघणाऱ्या गाड्या पाहिल्यात. म्हणून आधी घाटाचं बोलतो.

उतारावर पेडल मऊ पडणं आणि गार झाल्यावर परत येणं, याचा एकच सरळ अर्थ आहे: ब्रेक ऑइल उकळलं. ऑइल दाबलं जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. त्यात वाफेचे बुडबुडे झाले की जोर बुडबुडे दाबण्यातच संपतो. नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलची एक प्रत) ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, आणि ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तेच १४० अंशांवर उकळलं तरी मानकात बसतं. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. आपल्याकडे चार महिने पावसाची दमट हवा, त्यात कोकण. दोन वर्षांत ऑइल बदलायला हवं, आणि माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच जणींत ते कधी बदललेलंच नसतं, फक्त वरून भरलेलं असतं. टाकीचं झाकण काढून बघा. ताजं ऑइल फिकट मधासारखं दिसतं. कोऱ्या चहासारखं काळपट असेल तर जास्त तपासण्याची गरज नाही, बदलायचंच.

झाकण उघडलंच आहे तर त्याखालचं रबर बोटांनी चाचपा. ते फुगून लिबलिबीत झालं असेल तर कुणीतरी कधीतरी यात इंजिन ऑइल किंवा स्टीअरिंगचं ऑइल ओतलंय. तसं असेल तर प्रकरण वाढतं. मास्टर सिलिंडर (पेडलपाशी दाब तयार करणारा), कॅलिपर (पुढच्या डिस्कवर पॅड दाबणारा), व्हील सिलिंडर (मागच्या ड्रममध्ये शू ढकलणारा) यांतली सगळी रबरं त्याच वाटेवर असतात आणि ती बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. हीच चूक ब्रेक धुताना होते. ब्रेकच्या आतल्या रबराला रॉकेल किंवा पेट्रोल लावायचं नाही. ताजं ब्रेक ऑइल, एवढंच.

पण ऑइल जुनं असलं तरी ते उकळायला उष्णता कुठून आली? एक कारण चालवण्याचं. आठ माणसं आणि डिकीत सामान भरून चौथ्या-पाचव्यात उतरलात आणि पाय सतत ब्रेकवर ठेवलात तर डिस्क तापणारच. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम आजही बरोबर आहे. दुसरं कारण, एखादं चाक ब्रेक सोडल्यावरही पकडून ठेवतंय. हे घरच्या घरी कळतं. सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किमी चालवा, शेवटी ब्रेक फारसा न लावता गाडी आपोआप मंदावू द्या, आणि उतरून चारही चाकांच्या रिमवर थोडं पाणी शिंपडा. ज्या चाकावर पाणी चरचरेल ते चाक पकडतंय. तापमान मोजायची बंदूक असेल तर उत्तमच. तीन चाकं कोमट आणि एकच चटका देणारं असेल, तर चटका देणाऱ्या चाकावरच काम आहे.

ते चाक पुढचं निघालं तर गाडी जॅकवर घ्या. घोडी (गाडी तोलून धरणारा स्टँड) लावल्याशिवाय आणि उरलेल्या चाकांना उटी (गाडी घरंगळू नये म्हणून अडण) दिल्याशिवाय हात आत घालू नका. सहायकाला ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि चाक हाताने फिरवा. जड फिरत असेल तर कॅलिपरचा निपल (हवा काढायचा स्क्रू) पाव फेरा सैल करा. थोडं ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकून राहिला होता. बहुतेक वेळा रबरी होज आतून सुजलेला असतो: बाहेरून तुळतुळीत, आतून बंद. पाय दाबतो तेव्हा ऑइल जोराने आत जातं, पण परत यायला वाट नसते. निपल उघडूनही चाक जडच राहिलं तर कॅलिपरच अडकलाय. त्यात पिस्टनपेक्षा सरकपिना (ज्यांवर कॅलिपर मागे-पुढे सरकतो) जास्त वेळा दोषी निघतात. रबरी टोपी फाटते, पावसाचं पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि पिन गंजून बसते. पॅड काढून समोरासमोर धरा. आतला पॅड कागदासारखा आणि बाहेरचा अर्धा शिल्लक असेल तर पिन अडकली आहे, दुसरा पुरावा लागत नाही. पिना साफ करून त्यांना ब्रेकचं उष्णता सहन करणारं ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस लावलंत तर रबर फुगून सहा महिन्यांत पुन्हा तेच.

मागे ड्रम आहेत. तिथे दोन गोष्टी. शू झिजलेले असून त्यांना ड्रमजवळ ठेवणारा ॲडजस्टर गंजून बसला असेल तर पेडल दिवसेंदिवस खोल जातं. हँडब्रेक वर ओढताना पूर्वीपेक्षा जास्त टकटक व्हायला लागली, ही त्याची खूण. आणि ड्रम उघडल्यावर शू ओले दिसले तर कशाने ओले आहेत ते आधी ओळखा. बोटाला लावून वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो आणि ते चिकट असतं, म्हणजे अ‍ॅक्सलचं ऑइल सील गेलंय. ब्रेक ऑइल पातळ असतं, म्हणजे व्हील सिलिंडर गळतोय. दोन्ही वेळा ओले शू धुऊन परत बसवायचे नाहीत. लायनर तेल पिऊन बसतो आणि तापला की परत ओकतो. दोन्ही बाजूंचे शू जोडीने बदला. ड्रममधली काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, पाण्याने भिजवून फडक्याने पुसा. ती फुप्फुसात जाण्यासारखी वस्तू नाही.

पेडलच्या तीन चाचण्या करायला पाच मिनिटं लागतात. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते कडक होईल. तसंच दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली सरकलं तर बूस्टर (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) काम करतोय. नाही सरकलं आणि ब्रेक दगडासारखा कडक लागत असेल तर व्हॅक्यूम तपासा. या डिझेल इंजिनात व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला असतो, त्यामुळे अल्टरनेटर उघडला गेला असेल तेव्हापासून ब्रेक कडक झाला का, ते आठवून बघा. दुसरी चाचणी: इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने दाबून अर्धा मिनिट धरा. पाय न हलवता पेडल हळूहळू खाली चाललं, आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरची आतली रबरी वॉशरं ऑइल मागे सोडताहेत. तिसरी: दाबून धरलेलंच असताना इंजिन बंद करा. अर्ध्या मिनिटात पेडलची उंची बदलू नये. ते वर ढकललं जात असेल तर बूस्टर व्हॅक्यूम धरून ठेवत नाही. आणि टाकीतलं ऑइल कमी होतंय पण चाकांपाशी थेंब दिसत नाही, असं असेल तर मास्टर सिलिंडर बूस्टरपासून दोन नट काढून थोडा पुढे ओढा. बहुतेक वेळा ऑइल बूस्टरच्या पोटात साचलेलं सापडतं.

एअर (ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा) काढताना एक चूक जुन्या गाड्यांचे मास्टर सिलिंडर मारते. पंधरा वर्षं पेडल वरच्या अर्ध्या अंतरातच चाललेलं असतं, त्यामुळे सिलिंडरचा तेवढाच भाग चकाकता असतो. पुढच्या भागात गंज आणि गाळ बसलेला. एअर काढताना सहायक पेडल तळापर्यंत दाबतो, वॉशर त्या खरखरीत भागावरून जाते आणि तिची कड फाटते. सकाळी ठीक आलेली गाडी संध्याकाळी पेडल बसून परत जाते. म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून काम करा, तळाला जाऊच द्यायचं नाही. टाकी एकदाही रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये हवा शिरली तर ती नुसत्या पेडलने निघेलच असं नाही, स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने) आतला पंप आणि व्हॉल्व्ह चालवून ती काढावी लागते.

एवढं झालं, पेडल टणक आणि उंच आलं, चारही चाकं सारखी गार-गरम झाली, की मग एबीएसकडे वळा. आधी वळलात तर सडक्या भिंतीला रंग दिल्यासारखं होतं.

आता ती सिग्नलची थरथर. पहिल्यांदा ती एबीएसचीच आहे ना, याची खात्री करा. डिस्क वाकडी असली तरी पेडल हलतं, पण ते चाकाच्या फेऱ्याबरोबर हलतं: वेग जास्त तर भराभर, वेग कमी तर सावकाश, आणि सोबत स्टीअरिंग डोलतं. एबीएसची थरथर बारीक, झपाट्याची, गिरणीसारखी असते आणि मोटरचा आवाज येतो. तुम्ही आवाज लिहिलाय आणि ती फक्त शेवटच्या दहाच्या वेगात होते, म्हणून मला एबीएसच वाटतंय. खात्रीसाठी मोकळ्या मैदानात, कुणी नसताना, एबीएसचा फ्यूज फक्त तेवढ्या पाच मिनिटांपुरता काढून तसंच हळू थांबून बघा. थरथर गेली तर निदान पक्कं. फ्यूज लगेच परत लावा.

तो कायमचा काढून ठेवायचा सल्ला मला का पटत नाही, ते सांगतो. एबीएस असलेल्या बऱ्याच गाड्यांत त्याच मॉड्युलेटरमधून मागच्या चाकांचा ब्रेकही तोलला जातो. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि आधी अडकू पाहतात. हा तोल सांभाळणाऱ्या व्यवस्थेला ईबीडी म्हणतात. ती चालू असेल तर मागचा दाब वेळीच रोखते. फ्यूज काढला की तीही गेली. मागची चाकं पुढच्यांच्या आधी अडकली तर गाडी सरळ राहत नाही, शेपूट पुढे येतं. ओल्या वळणावर, मागे तीन मुलं बसलेली असताना हे होऊ द्यायचं नाही. डॅशबोर्डवर पिवळ्या एबीएस दिव्याबरोबर लाल ब्रेकचा दिवाही लागला, हँडब्रेक खाली आहे आणि ऑइलची पातळीही बरोबर आहे, तर समजा की ईबीडीही बंद पडलंय. अशी गाडी हळू चालवत थेट दुरुस्तीलाच न्यायची.

खोटी थरथर का होते? एबीएसच्या कंट्रोलरला रस्ता दिसत नाही. त्याला फक्त चार चाकांचे वेग कळतात. तीन चाकं आठच्या वेगाने फिरताहेत आणि चौथं अचानक शून्य दाखवतंय, म्हणजे ते चाक घसरतंय, असा तो अर्थ लावतो आणि त्या चाकाचा दाब सोडतो. चाक खरं तर नीट फिरत असतं, फक्त त्याचा वेग सांगणारा सेन्सर मुका झालेला असतो. जुन्या पद्धतीचा सेन्सर म्हणजे लोहचुंबकाभोवती तारेचं वेटोळं. समोरून दात असलेली कडी फिरली की त्यात वीज तयार होते. कडी जितकी हळू फिरेल तितकी वीज कमी, आणि सेन्सर कडीपासून जितका दूर तितकी आणखी कमी. म्हणून दोष आधी कमी वेगातच दिसतो. साठच्या वेगाला हाच सेन्सर ठणठणीत बोलतो. तुमची थरथर नेमकी शेवटच्या क्षणाला होते, याचं कारण हे. मॉड्युलेटर बिचारा मिळालेल्या माहितीवर चोख काम करतोय, आणि त्यालाच बदलायला निघालेत.

कोणतं चाक, हे शोधायचे दोन मार्ग. चांगला मार्ग स्कॅनरचा. फक्त कोड (बिघाडाचा नंबर) वाचणारा स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनापुरताच असतो. एबीएस उघडणारा आणि चालू गाडीत चारही चाकांचे वेग दाखवणारा हवा. शेजारी माणूस बसवा, वीसच्या वेगावरून हळूहळू थांबा. चारही आकडे एकत्र खाली येतात, आणि एक मध्येच शून्यावर पडतो. दिवा लागलेला नसतानाही ही चाचणी बोलते, म्हणून मला ती कोडपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

स्कॅनर नसेल तर त्या काळातल्या बऱ्याच टोयोटा गाड्यांत दिव्याची उघडझाप मोजून कोड वाचता येतो. डॅशखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये १३ नंबरची टीसी आणि ४ नंबरची सीजी या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या आणि चावी ऑनला फिरवायची, इंजिन चालू करायचं नाही. एबीएसचा दिवा एकसारखा भराभर लुकलुकला तर कोड नाही. तीनदा लुकलुकून थांबला आणि मग एकदा, तर ३१, म्हणजे उजवं पुढचं चाक. ३२ डावं पुढचं, ३३ उजवं मागचं, ३४ डावं मागचं. ४१ आला तर बॅटरीचा व्होल्टेज आधी बघा. पिना मोजताना घाई नको. १६ नंबरच्या पिनेवर थेट बॅटरी आहे, चुकून तिथे तार लागली तर नवं काम उभं राहील. काम झाल्यावर तार जोडलेलीच ठेवून पाच सेकंदांत आठ वेळा पेडल दाबलं की कोड पुसला जातो.

दिवा कधी लागतो तेही टिपून ठेवा. चावी फिरवल्यावर तो लागून तीनेक सेकंदांनी विझला पाहिजे. विझलाच नाही, तर तार तुटलेली, फ्यूज किंवा रिले, असा कायमचा विजेचा दोष. विझून गाडी सुटल्यावर लागला, तर चाकाचा सिग्नल बिघडतोय. ओल्या रस्त्यावरच लागत असेल तर कुठल्यातरी जोडात पाणी जातंय.

चाक सापडलं की लगेच नवा सेन्सर मागवू नका. माझ्या हातून गेलेल्या जुन्या गाड्यांत सेन्सर स्वतः मेलेला क्वचितच असतो. तो ज्या भोकात बसतो तिथला गंज, त्याची तार, त्याच्यासमोरची कडी आणि त्या चाकाचं बेअरिंग, या चौघांना आधी बघा.

गंजाचं असं होतं. सेन्सर लोखंडी बैठकीवर टेकलेला असतो. पंधरा पावसाळ्यांत त्याच्या कानाखाली गंजाचा थर चढतो आणि गंज फुगतो. बोल्ट घट्टच असतो, पण सेन्सर अर्धा-एक मिलिमीटर उचलला जातो. तेवढं अंतर पुरतं. तो काढताना पक्कडीने उपटू नका, प्लॅस्टिकची मान तुटून तुकडा आत राहतो. गंज सोडवणारं तेल रात्रभर सोडा, सकाळी बोल्ट काढून सेन्सर आधी डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा फिरवा आणि मग वर काढा. बाहेर आला की त्याचं टोक उजेडात धरा. त्यावर लोखंडाच्या बारीक कणांची मिशी उगवलेली दिसेल, चुंबकाला कीस चिकटतो तशी. ती फडक्याने पुसा. बैठक पॉलिश पेपरने उजळ धातू दिसेपर्यंत घासा, पातळ ग्रीसचा हात फिरवा आणि सेन्सर हाताने सरकवून पूर्ण बसतोय का ते बघा. एवढ्याने सुटलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. तो कीस कुठून आला, हे मात्र विचारायचं. डिस्क-पॅडचा असेल तर ठीक. चमचमता आणि ग्रीसमध्ये कालवलेला असेल तर बेअरिंग स्वतःलाच खातंय.

तार तपासताना नुसती नजर पुरत नाही. पुढच्या चाकाची तार स्टीअरिंगबरोबर वाकत राहते. वरचं आवरण शाबूत आणि आतलं तांबं तुटलेलं, असं होतं. जुन्या पद्धतीच्या सेन्सरला मीटर ओहमवर लावून डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करा. साधारण एक-दोन किलोओहमच्या आसपास आकडा येतो. मॉडेलप्रमाणे तो बदलतो, म्हणून मी दोन्ही बाजू सारख्या आहेत का याला जास्त किंमत देतो. मीटर लावलेलाच ठेवून तार वितावितीने वाकवा, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आकडा उडाला तर जागा सापडली. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक सेकंदाला एक फेरा या गतीने हाताने फिरवा. काही शे मिलिव्होल्ट दिसतात. दोन्ही बाजूंत निम्म्याचा फरक असेल तर कमी असलेली बाजू आजारी.

पण आधी तुमचा सेन्सर जुन्या पद्धतीचा आहे ना, ते ठरवा. कनेक्टर काढून, चावी ऑन ठेवून गाडीकडच्या बाजूला व्होल्टेज मोजा. बाराच्या आसपास आलं तर तो नव्या पद्धतीचा, आत इलेक्ट्रॉनिक्स असलेला. त्याला ओहमचा मीटर लावण्यात अर्थ नाही, त्याचा निवाडा स्कॅनरवरच करायचा. त्याच्यासमोर पुष्कळदा दातांच्या कडीऐवजी बेअरिंगच्या सीलमध्ये दडलेली चुंबकी पट्टी असते. बेअरिंग उलटं दाबून बसवलं तर पट्टी पलीकडे जाते आणि सेन्सर कायमचा गप्प होतो. बेअरिंग बदलल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दिवा, अशी तक्रार आली की मी तेच पहिल्यांदा बघतो.

दातांची कडी असेल तर चाक सावकाश फिरवत टॉर्चच्या उजेडात पूर्ण फेरा बघा. गंजून तिला एके ठिकाणी चीर जाते आणि तिथलं दातांमधलं अंतर रुंदावतं. मग प्रत्येक फेऱ्याला एक दात चुकतो. शेवटी बेअरिंग: चाक वर-खाली, बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खडखड लागली तर सेन्सरचं अंतर दर वळणाला बदलतंय. चारही टायर एकाच मापाचे आहेत का हेही बघून घ्या. तुमच्या गाडीला २०५/६५ आर १५ असणार. एक चाक स्टेपनीचं, वेगळ्या मापाचं असेल तर त्याचा वेग बाकीच्यांशी जुळतच नाही.

चार वर्षांपूर्वी एक सात-आसनी माझ्याकडे आली होती. २२ जुलै २०२१ च्या पुरात ती चिपळुणात सीटपर्यंत पाण्यात उभी होती. इंजिन, सीट, गालिचे सगळं करून झालं होतं. काही महिन्यांनी एबीएसचा दिवा. दुसरीकडे मॉड्युलेटर बदलून झालं, दोन सेन्सर बदलून झाले, दिवा तसाच. मालकाला गाडी विकावी वाटायला लागली होती. मी चाकापासून तार धरत आत आलो. डाव्या बाजूला, पुढच्या प्रवाशाच्या पायाशी गालिच्याखाली एक जोड होता. तो उघडला तर आत हिरवी भुकटी, आणि एक पिन नखाने हलवली तशी तुटून हातात आली. पिना बदलल्या, तारा सोल्डर करून वर नळी तापवून बसवली. सेन्सरच्या दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, तो पीळही तसाच परत दिला, कारण त्याने बाहेरचा विजेचा गोंगाट आत शिरत नाही. गाडी आजही चालतेय. नुसती तार पिळून चिकटपट्टी गुंडाळली तर पाणी तांब्यातून वर चढत जातं आणि दुसऱ्या पावसाळ्यात तीच गाडी परत येते.

मग मॉड्युलेटर कधीच जात नाही का? जातं. कोड पंपाच्या मोटरचा किंवा सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हचा) आला, मोठे फ्यूज शाबूत आहेत, मोटर चालताना पॉझिटिव्ह तार पूर्ण व्होल्टेज देतेय आणि अर्थिंगवर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त खाल्लं जात नाही, एवढं मोजून झालं असेल तर त्याच्यावर बोट ठेवा. अर्थिंगचा नट उघडून, घासून परत बसवल्यावर बऱ्या झालेल्या गाड्याही आहेत. तुमच्या गॅरेजला एकच विचारा: कोणता कोड आला आणि काय मोजलं? आकडा सांगता आला नाही तर मॉड्युलेटरचे पैसे त्यांच्या हातात देऊ नका. भंगारातून आणलेलं मॉड्युलेटर मी बसवत नाही. वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या गाडीतून ते निघालेलं असतं आणि आतल्या बारीक वाटा गंजलेल्या असतात.

एक शक्यता मनात ठेवा. पाण्याच्या चाचणीत जे चाक गरम निघेल आणि स्कॅनरवर जे आधी शून्य होईल, ते एकच चाक असू शकतं. पकडून राहिलेला ब्रेक हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) तापवतो, हब तापला की बेअरिंगचं ग्रीस पातळ होऊन निघून जातं, बेअरिंग सैल होतं आणि सेन्सरचं अंतर बिघडतं. तसं निघालं तर दोन्ही तक्रारींचं मूळ एका अडकलेल्या पिनेत असेल. दोन वेगळी चाकं निघाली तर दोन वेगळी कामं.

सगळं झाल्यावर मोकळ्या जागी, ओल्या किंवा खडीच्या जमिनीवर, तीस-चाळीसच्या वेगाला एकदा जोरात ब्रेक मारून बघा. तेव्हा थरथर झालीच पाहिजे आणि स्टीअरिंग हातात राहिलं पाहिजे. मग कोरड्या डांबरावर हळू थांबा, पेडल शांत राहिलं पाहिजे. नवं ऑइल पडून पेडल टणक होईपर्यंत आंबा घाट काय, गगनबावड्याकडूनही उतरू नका. आणि पाण्याच्या चाचणीत कोणतं चाक चरचरलं आणि स्कॅनरवर कोणता आकडा आधी पडला, या दोन गोष्टी मला कळवा, पुढचं तेवढ्यावरून सांगता येईल.